जरा दमानं!

१८ फेब्रुवारी १९७८. हवाईतल्या ओआहू बेटावर सकाळी पंधरा पुरुष समुद्रात उतरले. अमेरिकी नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांच्या पत्नी ज्युडी यांनी एका जुन्या वादाचा सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं होतं. सगळ्यांत दमदार कोण: पोहणारा, सायकल चालवणारा की धावणारा? बेटावर या तिन्ही प्रकारांच्या शर्यती आधीपासून होतच होत्या. कॉलिन्स दांपत्याने त्या एकापुढे एक लावल्या आणि सगळ्या एकाच दिवसात उरकायच्या ठरवल्या. आधी ३.८ किलोमीटर पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल, आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन. पहिला येईल त्याला ‘आयर्नमॅन’ म्हणायचं.

जॉन डनबार हा तरुण नौदलाच्या कमांडो पथकात तयार झालेला. गॉर्डन हॅलर टॅक्सी चालवायचा आणि उरलेल्या वेळात व्यायाम करायचा. डनबार पाण्यातून बाहेर आला तेव्हा हॅलर सुमारे वीस मिनिटं मागे होता. सायकल संपली तरी डनबार दहा-बारा मिनिटांनी पुढेच होता. पुढे मॅरेथॉनमध्ये डनबारच्या मदतनीसांजवळचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याच्या हातात बिअर दिली. हॅलर त्याला गाठून पुढे निघून गेला आणि ११ तास ४६ मिनिटांत पोचला. डनबार आला तो त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक वेळाने. पंधरा जणांपैकी शर्यत पूर्ण केली बारा जणांनी.

हॅलर धावण्यात तरबेज होता, हे खरंच. पण या पहिल्याच आयर्नमॅनने जो धडा दिला, तो पुढे प्रत्येक ट्रायथलॉनमध्ये नव्याने गिरवला गेला आहे. दोन खेळांत कमावलेली आघाडी तिसऱ्या खेळात किती सहज निसटते, हा तो धडा. घाई करणाऱ्याला आपण म्हणतो, “जरा दमानं घे.” त्या एका शब्दात धीर आहे आणि श्वासही आहे. हे प्रकरण त्या शब्दाबद्दल आहे.

तीन खेळ, एकच खातं

ट्रायथलॉनची अंतरं वेगवेगळी असतात. २०००च्या सिडनी ऑलिंपिकपासून जी शर्यत होते, तिच्यात १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणं असतं. त्याच्या निम्मी ती स्प्रिंट. मराठी मंडळींना गेल्या काही वर्षांत सर्वांत जवळची झाली ती ‘७०.३’, म्हणजे अर्धी आयर्नमॅन: १.९ किलोमीटर पोहणं, ९० किलोमीटर सायकल, २१.१ किलोमीटर धावणं. तिन्ही अंतरांची मैलांतली बेरीज ७०.३ होते, म्हणून हे नाव. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ती पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली आणि परदेशाचा खर्च न परवडणाऱ्या हौशी लोकांच्या आवाक्यात आली.

या प्रकरणात हिशेबासाठी एक माणूस सोबत घेऊ. वय चाळिशीतलं, वजन ७० किलो, नोकरी सांभाळून पहाटे सराव करणारा. त्याला ७०.३ साधारण साडेसहा तासांत पूर्ण करायची आहे. पोहायला ५० मिनिटं, सायकलला सव्वातीन तास, धावायला सव्वादोन तासांच्या आसपास आणि कपडे-बूट बदलायला दहा-बारा मिनिटं. साडेआठ तासांची मुदत असल्याने तो तिच्यात निवांत बसतो. तरीही असे कितीतरी जण शेवटचे सहा-सात किलोमीटर पाय ओढत चालताना दिसतात. सराव झालेला असतो, पाय धड असतात, मग बिघडतं कुठे?

बिघडतं खात्यावर. तीन खेळ वेगळे असले तरी पैसे एकाच खात्यातून जातात.

पगार आणि मुदत ठेव

शरीरात इंधनाचे दोन मोठे साठे असतात. पहिला ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो, म्हणजे १,६०० ते २,००० किलोकॅलरी. दुसरा साठा चरबीचा. सडपातळ माणसाच्या अंगावरही दहा किलो चरबी सहज असते आणि तिच्यात ७० हजारांहून अधिक किलोकॅलरी असतात.

ग्लायकोजेन हा पगार समजा. हातात आलेला, लगेच खर्चता येणारा आणि महिनाअखेरीला हमखास संपणारा. चरबी ही मुदत ठेव. रक्कम मोठी, पण बँक ती हळूहळूच सोडते. आरामात पळत असाल तर खर्चाचा बराच भाग ठेवीतून भागतो. जोर वाढवला, धाप लागायला लागली, की शरीर ठेवीकडे बघत नाही, पगारच उडवायला लागतं.

आता आपल्या माणसाचा खर्च मांडू. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे, साधारण एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ७० गुणिले २१, जवळपास १,५०० किलोकॅलरी नुसत्या धावण्याच्या. सायकलचे तासाला ५५० धरले तर सव्वातीन तासांचे सुमारे १,८००. पोहण्याचे ४०० ते ५००. एकूण ३,७००च्या घरात. पगार मात्र १,८००चा. वाटेत खाऊन हजारभर भरता येतात. त्याहून जास्त खावं म्हटलं तरी पोट घेत नाही. बहुतेकांचं आतडं तासाला ६० ग्रॅम कर्बोदकं शोषतं. ग्लुकोजबरोबर फ्रुक्टोज असेल आणि पोटाला तशी सवय असेल तर ९० ग्रॅमपर्यंत जमतं. राहिलेले आठ-नऊशे ठेवीतून यायला हवेत, आणि ते येतात, पण आपण दमानं घेतलं तरच.

पहिल्या दोन तासांत उधळपट्टी झाली तर त्याची खबर त्या वेळी मिळत नाही. पाच तारखेला कुणालाच महिनाअखेर आठवत नाही. धावण्याच्या बाराव्या किलोमीटरला अचानक मांड्या दगडासारख्या होतात, डोकं सुन्न पडतं, पाण्याच्या टेबलाजवळचा माणूस काय बोलतोय ते कळत नाही. खातं रिकामं झाल्याची ही लक्षणं. तिथून साखरेचं जेल खाल्लं तरी रक्तात साखर पोचायला वेळ लागतो आणि तोवर चालणंच नशिबी येतं.

पाण्यात: पहिले दोनशे मीटर

किनाऱ्यावर उभं असताना अंगात इतकी तरतरी असते की नाडी जागच्या जागी शंभरावर गेलेली असते. भोंगा वाजतो. आजूबाजूला हातपाय, फेस, कुणाची टाच नाकावर. सगळे सुटलेत म्हणून आपणही सुटतो. दोनशे मीटरवर श्वास छातीत अडकतो आणि तलावात हजारो मीटर पोहलेला माणूस घाबरून बोयाला लटकतो.

पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट असतं. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठी लागणारी ताकद घनाने. वेग पाच टक्के वाढवायचा तर ताकद सुमारे सोळा टक्के जास्त लागते. आपल्या माणसाने एवढा जोर लावला तर त्याच्या पन्नास मिनिटांतली दोन-अडीच मिनिटं वाचतील. साडेसहा तासांच्या दिवसात ती कुठे विरघळतील कळणारही नाही. दमलेले खांदे आणि चढलेली नाडी मात्र तो सायकलवर घेऊन बसेल.

पाण्यात वेळ वाचतो तो दुसऱ्याच दोन गोष्टींनी. एक म्हणजे सरळ पोहणं. समुद्रात तळाला काळी रेघ नसते. दर आठ-दहा हातांनी डोळे पाण्याबाहेर काढून बोया बघितला नाही तर माणूस बाकदार वाट काढतो. १.९ किलोमीटरचे २.१ झाले तर आपल्या माणसाची पाच मिनिटं तिथेच गेली. दुसरी गोष्ट, आपल्याच वेगाच्या कुणाच्या तरी पायांमागे पोहणं. पुढचा पाणी कापतो, मागच्याचे कष्ट कमी होतात आणि नियमात ते बसतं.

तेव्हा सुरुवातीला बाजूला राहा. पहिल्या दोनशे मीटरमध्ये एकच काम: तोंड पाण्यात असताना श्वास पूर्ण सोडणं. श्वास सोडला की तो घेता येतो. मग वेग आपोआप लागतो. शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय थोडे जास्त मारा, म्हणजे आडवं असलेलं शरीर उभं राहायला तयार होईल.

वाळूतून धावत सायकलपाशी जायचं, टोपी-चष्मा उतरवायचा, हेल्मेट चढवायचं. या बदलाला ‘टी-वन’ म्हणतात. इथे नाडी दिवसातल्या सर्वांत वरच्या आकड्यांपैकी एखाद्यावर असते, कारण आडवं शरीर उभं राहिलंय आणि लगेच पळतंय. पाव मिनिट वाचवायला धडपडू नका. हेल्मेटचा पट्टा आधी लावा, मगच सायकलला हात लावा. पट्ट्याशिवाय सायकल हलवली तर दंड होतो.

सायकल: खरी परीक्षा इथेच

अर्ध्या आयर्नमॅनचा जवळपास अर्धा वेळ सायकलवर जातो. ट्रायथलॉनमधला शहाणपणा किंवा वेडेपणा नव्वद टक्के इथेच घडतो, असं म्हटलं तरी अतिशयोक्ती होणार नाही. बसलेलं शरीर, गार वारा, नव्याने भरलेला उत्साह. सगळं सोपं वाटतं आणि म्हणूनच घात होतो.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा. तिथेही घनाचाच नियम. २८च्या वेगाने चालणारा माणूस ३१वर गेला, तर हवेशी झगडायला सुमारे ३५ टक्के जास्त ताकद लागते. वाढलेला वेग दहा टक्के, वाढलेला खर्च त्याच्या तिपटीहून जास्त. पुढच्याच्या चाकामागे लपून ही ताकद वाचवता येते, पण आयर्नमॅनच्या शर्यतीत हौशी स्पर्धकांना ते मना आहे. पुढच्या सायकलपासून बारा मीटरचं अंतर ठेवावं लागतं आणि ओलांडताना ठरावीक वेळात पुढे निघून जावं लागतं.

चढावर हिशेब थोडा बदलतो. तिथे वेग कमी, म्हणून हवेचा त्रास कमी, आणि लावलेली जादा ताकद बऱ्यापैकी वेळ वाचवते. उतारावर तीच ताकद वाया जाते. म्हणून जाणते लोक चढावर ठरवल्यापेक्षा थोडा जोर जास्त लावतात आणि उतारावर अंग आकसून, पाय हलते ठेवून विश्रांती घेतात. यातला महत्त्वाचा शब्द ‘थोडा’. ठरलेल्या ताकदीपेक्षा पाच-दहा टक्के जास्त, एवढाच. चढाच्या पायथ्याशी कुणी शेजारून उभं राहून पॅडल मारत गेला की गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या नवऱ्यासारखे दहा जण त्याच्या मागे लागतात. अशा दहा चढांची किंमत धावताना एकदम वसूल होते.

जोर मोजायचा कसा? पॉवर मीटर असेल तर सोपं. वीस मिनिटं जिवाच्या आकांताने सायकल चालवा, त्या वीस मिनिटांच्या सरासरी वॉटचे ९५ टक्के काढा. हा आकडा तुम्ही तासभर टिकवू शकाल अशा ताकदीच्या जवळपास असतो. हौशी माणसाने अर्ध्या आयर्नमॅनला त्याच्या ७० ते ८० टक्क्यांवर राहावं, पूर्ण आयर्नमॅनला त्याहूनही खाली. वीस मिनिटांत २१० वॉट सरासरी आली, तर तासाचा आकडा २०० आणि शर्यतीचा १४० ते १६०. पहिली पंधरा मिनिटं त्याच्याही खाली, हलका गिअर घेऊन.

पॉवर मीटर नसेल तर नाडी बघा, आणि तीही नसेल तर श्वास. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी कष्टाची जाणीव मोजायला सहा ते वीस अशी पट्टी तयार केली. हे विचित्र आकडे घेण्यामागे कारण होतं: त्यांना दहाने गुणलं की निरोगी तरुणाच्या नाडीचा अंदाज येतो. आपल्याला इतकंही नको. सायकलवर अख्खं वाक्य बोलता यायला हवं. “पाणी संपलं, पुढच्या टेबलावर घेतो” एवढं एका दमात म्हणता आलं नाही तर गिअर हलका करा.

खाणं हाही वेगाचाच भाग आहे. सायकलवर पोट शांत असतं, धावताना ते हिंदकळतं, म्हणून भरणा इथेच करायचा. घड्याळात दर वीस मिनिटांचा गजर लावा आणि गजराला वीस ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, जेलच्या पुडीतही तितकीच. भूक लागायची वाट पाहिलीत तर उशीर झाला. आणि सरावात न खाल्लेलं काहीही शर्यतीच्या दिवशी तोंडात टाकू नका, मग ते कितीही महागडं असो.

पायात विटा

सायकल जागेवर लावली, धावायचे बूट चढवले, पहिलं पाऊल टाकलं आणि वाटलं, हे पाय माझे नाहीत. तीन तास गोल फिरलेल्या स्नायूंना आता अंग पेलायचंय. सायकलला लागून धावायच्या सरावाला खेळाडू ‘ब्रिक’ म्हणतात. विठोबा विटेवर उभा राहतो, ट्रायथलॉनवाल्याच्या पायातच विटा शिरतात. दोन-तीन किलोमीटरमध्ये त्या निघतात, पण आठवड्यातून एकदा हा जोडसराव केला असेल तरच घाबरायला होत नाही.

गंमत म्हणजे पाय जड वाटत असतानाही वेग जास्त असतो. सायकलच्या वेगाला डोळे सरावलेले असतात, त्यामुळे धावणं संथ भासतं. दोन्ही बाजूंना टाळ्या वाजवणारी माणसं असतात. घड्याळात बघितलं तर ठरवल्यापेक्षा पाऊण मिनिट पुढे.

आपल्या माणसाचा ठरलेला वेग किलोमीटरला साडेसहा मिनिटं. एकवीस किलोमीटर त्या वेगाने धावला तर २ तास १७ मिनिटं. समजा, पहिले पाच किलोमीटर त्याने पावणेसहाने मारले. कमाई पावणेचार मिनिटांची. त्याची किंमत म्हणून शेवटचे सहा किलोमीटर दहा-दहा मिनिटांनी चालावे लागले, तर तोटा एकवीस मिनिटांचा. पावणेचार कमावून एकवीस घालवणं, हा सौदा कुणी दुकानदार करणार नाही. पण दर शर्यतीत शेकडो शिकलेसवरलेले लोक तो करतात.

म्हणून पहिले दोन किलोमीटर ठरलेल्या वेगापेक्षा पंधरा-वीस सेकंद संथ. मग ठरलेला वेग. पाण्याच्या प्रत्येक टेबलाशी वीस-तीस पावलं चालायचं आधीच ठरवून टाका: पाणी प्या, डोक्यावर ओता, पुन्हा सुटा. ठरवून चाललेली तीस पावलं आणि नाइलाजाने चाललेले तीन किलोमीटर यांत फार फरक आहे.

हे फक्त हौशी लोकांपुरतं नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ३१ जुलै २०२४ला न्यूझीलंडचा हेडन वाइल्ड धावताना सगळ्यांना सोडून पुढे निघाला. ब्रिटनचा अ‍ॅलेक्स यी मागे पडला, शेवटच्या फेरीत दहाहून अधिक सेकंदांनी. पाठलागात त्याने एकदम उडी घेतली नाही. आपल्या लयीत राहिला, अंतर तिळातिळाने खाल्लं आणि शेवटच्या काही शे मीटरमध्ये वाइल्डला ओलांडलं. १ तास ४३ मिनिटं ३३ सेकंद. फरक सहा सेकंदांचा.

लांब अंतराचा धडा त्याहून जुना आहे. मार्क अ‍ॅलन हा अमेरिकी खेळाडू १९८९च्या आधी हवाईची आयर्नमॅन सहा वेळा धावला आणि सहाही वेळा हरला. १९८७मध्ये तो मोठी आघाडी घेऊन पळत होता, पण मॅरेथॉनमध्ये त्याचं शरीर कोसळलं आणि त्याचा प्रतिस्पर्धी डेव्ह स्कॉट पुढे निघून गेला. १९८९मध्ये अ‍ॅलनने बेत बदलला. पोहताना, सायकलवर आणि धावतानाही तो स्कॉटच्या खांद्याला खांदा लावून राहिला. आठ तासांच्या शर्यतीत जवळजवळ शेवटपर्यंत त्याने स्वतःला आवरून धरलं. शेवटच्या टप्प्यात एका चढावर तो सुटला. विजय ५८ सेकंदांचा. सरावातही अ‍ॅलन असाच होता: प्रशिक्षक फिल मॅफेटोन यांच्या पद्धतीने नाडी मुद्दाम खाली ठेवून तो महिनोन्‌महिने धावायचा. १८०तून आपलं वय वजा करा, येईल त्या आकड्यावर नाडी जाऊ द्यायची नाही, अशी ती ढोबळ रीत. चाळीस वर्षांच्या माणसाला १४०. सुरुवातीला इतकं संथ पळावं लागतं की गल्लीतली मुलं मागे टाकतात. लाज सोडून टिकलं तर काही महिन्यांत त्याच नाडीवर वेग वाढलेला दिसतो.

ऑक्टोबरचं ऊन

गोव्याच्या शर्यतीत आणखी एक सावकार उभा असतो, हवामान. पाऊस सरतो, ऊन तापतं, हवेत दमटपणा तसाच. घाम येतो पण उडत नाही, आणि घाम उडाल्याशिवाय अंग गार होत नाही. शरीर मग रक्त त्वचेकडे पाठवतं, स्नायूंच्या वाट्याला कमी येतं, आणि त्याच वेगासाठी नाडी चढत जाते. सकाळी सातला ज्या वेगाला १४०ची नाडी होती, त्याच वेगाला अकरा वाजता १६० लागते. शरीर भाव वाढवतं, माल तोच.

मेक्सिकोतल्या कोझुमेलला सप्टेंबर २०१६मध्ये हेच साऱ्या जगाने पाहिलं. जागतिक मालिकेची शेवटची शर्यत, दमट उकाडा. जॉनी ब्राउनली आघाडीवर होता. शेवटचे काहीशे मीटर उरले असताना त्याचे पाय वेडेवाकडे पडू लागले, तो रस्त्याच्या कडेला झुकला. मागून आलेला भाऊ अ‍ॅलिस्टर थांबला, त्याने जॉनीचा हात खांद्यावर घेतला आणि त्याला अंतिम रेषेपर्यंत ओढत नेलं. दरम्यान हेन्री स्कूमन पुढे जाऊन जिंकला. दोघे भाऊ ऑलिंपिक पदकविजेते. उकाडा पदकं बघत नाही.

उकाड्यात वेगाचा आकडा विसरा आणि नाडीवर किंवा श्वासावर चाला. साडेसहाचे सात झाले तर होऊ द्या. टोपीत बर्फ ठेवा, मानेवर पाणी ओता. तहान लागेल तसं प्या आणि मीठ घ्या. नुसतं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरून माणूस गंभीर आजारी पडू शकतो. गरगरायला लागलं, घाम थांबला, बोलणं असंबद्ध झालं तर बसा आणि मदत मागा. पदक पुढच्या वर्षीही मिळतं.

सायकलवरची चिठ्ठी

हे सगळं वाचून पटतं. भोंगा वाजल्यावर आठवत नाही. म्हणून अनुभवी लोक शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी एक चिठ्ठी लिहून सायकलच्या आडव्या दांड्यावर पारदर्शक टेपने चिकटवतात. आपल्या माणसाची चिठ्ठी अशी असेल:

पोहणं: पहिले २०० संथ, श्वास सोड. बोया बघ.
सायकल: पहिली १५ मिनिटं हलका गिअर. मग १५० वॉट. चढाला १६५, त्यावर नाही.
दर २० मिनिटांनी खा. कुणी पुढे गेलं तर जाऊ दे.
धावणं: पहिले २ किलोमीटर ६:५०. मग ६:३०. टेबलाशी चाल.
किलोमीटर १८ नंतर: उरलंय ते सगळं.

हे आकडे तुमचे नव्हेत, त्याचे आहेत. तुमचे आकडे तुमच्या सरावातून येतील. शर्यतीआधी किमान दोनदा, याच वेगाने, याच खाण्यावर, त्याच उन्हात लांब सायकल आणि लगेच धावणं करून बघा. शेवटी अंगात थोडं उरलं तर आकडे बरोबर आहेत. काहीच उरलं नाही तर सायकलचा आकडा खाली आणा. धावण्याचा आपोआप सुधारेल.

पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना, २०१५मध्ये, मिलिंद सोमण यांनी झ्युरिकची पूर्ण आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. तरुणपणी ते राष्ट्रीय पातळीचे जलतरणपटू होते. पाण्यात चमक दाखवायचा मोह त्यांना झाला असता तर नवल नव्हतं. पण पंधरा तासांच्या दिवसात पाण्याचा वाटा एक-दीड तासाचा. बाकीचा दिवस दमानं काढावा लागतो.

शर्यतीला नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी करून घ्या, चाळिशी ओलांडली असेल तर नक्कीच. मग चिठ्ठी लिहा. आणि शर्यतीच्या दिवशी सायकलच्या पहिल्या तासात कुणी सुसाट ओलांडून गेलं, तर त्याचा पाठीवरचा नंबर फक्त लक्षात ठेवा. धावण्याच्या पंधराव्या किलोमीटरला बहुतेक तो पुन्हा भेटेल, चालत.